मंगळसूत्रावरची टेप

आमच्या कंपनीत गाड्यांचे बंपर रंगवतात. चाकणच्या त्या शेडमध्ये शिरताना अंगावर टोचेल, घासेल असं काही चालत नाही. घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, पट्ट्याचं बक्कल झाकायचं. नव्या रंगावर ओरखडा पडला तर अख्खा पार्ट परत जातो, वर बोलणी खावी लागतात ती वेगळीच. बायकांना मंगळसूत्र काढा म्हणायची हिंमत मात्र अजून कुठल्या साहेबाला झालेली नाही. म्हणून आमच्यासाठी टेप. दाराशी स्टोअरचं काउंटर आहे, तिथे पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा मिळतो. वाट्या गळ्याशी धरायच्या, वरून टेप दाबायची, बटण लावायचं आणि लाईनवर उभं राहायचं.

माझ्या मंगळसूत्राला दोन वर्षांपासून नवरा नव्हता. घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो, आमच्यात तो उरला नव्हता. कोर्टाबाहेर त्याने विचारलं, "रिक्षा करून देऊ का?" मी नको म्हणाले. बसने थेरगावला आले, कुकर लावला, जेवले, झोपले. आई फोनवर रडली, तिची समजूत मीच काढली. आपल्यालाही रडू येईल म्हणून बरेच दिवस वाट पाहिली. आलं नाही. नंतर वाट पाहायचंही विसरून गेले.

मंगळसूत्र गळ्यात राहिलं ते खोलीमुळे. थेरगाव सोडून पिंपळे गुरवला खोली बघायला गेले तेव्हा मालकीणकाकूंनी आधी माझा गळा पाहिला, मग तोंड. "आम्ही फॅमिलीलाच देतो," म्हणाल्या. मी म्हटलं, मिस्टर गुजरातला असतात, कंपनीने पाठवलंय. इतकं सहज तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं. काकूंची सून माझ्याच लाईनवर कामाला, खोली तिनेच सुचवली होती. दर दिवाळीला काकू विचारायच्या, "मिस्टर येणार ना?" मी म्हणायची, सुट्टी नाही मिळाली. सून हसायची. "तुझे मिस्टर म्हणजे देव गं बाई. आहेत म्हणायचं, दिसत काही नाहीत." मीही हसायची.

हेल्मेट घालावं तसं मी ते घालत होते. ते असलं की बसमध्ये कोणी जास्त चौकशी करत नाही, सुपरवायझर दोन हात लांबून बोलतो. शिवाय ते काढलं तर त्या जागी काय ठेवायचं, हेही मला माहीत नव्हतं. गेलेल्या माणसाची आठवण येत होती म्हणून नाही. त्याचा चहा कसा लागायचा, हेसुद्धा आठवत नव्हतं. नुसतं राहिलं होतं, भिंतीवर जुनं कॅलेंडर राहतं तसं.

काउंटरवर टेप देणारा माणूस चाकणजवळच्याच एका गावचा. घरची थोडी शेती, बाकी कंपनी. चाळिशीकडे झुकलेला. त्याचंही लग्न मोडलेलं, पण तो ते कुणालाही हवापाण्यासारखं सांगायचा. "माझी बायको नांदली न्हाई. तिची बी काय चूक न्हाई." मला हे ऐकून त्याचा राग यायचा. इतकं सोपं कसं असतं एखाद्याला, म्हणून. सगळ्या बायकांना तो ताई म्हणायचा, मला मॅडम. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आणखी एक उशिरा लक्षात आलं. बाकीच्यांना तो त्यांच्यासमोर टेप फाडून द्यायचा. माझा तुकडा मी पोचायच्या आधीच काउंटरच्या कडेला लावलेला असायचा, बरोबर दोन वाट्या झाकतील एवढा.

हिवाळ्यात तो शेतातला हरभरा आणायचा. जुडी सगळ्यांसाठी, पण चांगले घाटे माझ्याकडे यायचे. मी ते बसमध्ये मोशी येईपर्यंत सोलत बसायची. एकदा मोशी कधी गेली ते कळलंच नाही, मी बाहेर बघत उगाच हसत होते. हे मला आवडलं नाही. बधिर झालेला पाय जागा होताना मुंग्या येतात, तसं काहीतरी होत होतं, आणि मला ते नको होतं. बधिरपणात निदान दुखत नाही.

मग एका शनिवारी शिफ्ट सुटताना त्याने मला काउंटरपाशी थांबवलं.

"मॅडम, फुडच्या म्हैन्यापासनं मी हितं न्हाई. दुसऱ्या प्लांटला अर्ज दिलाय."

"का? इथं काय झालं?"

तो टेपच्या रोलकडे बघत होता. "हितं राहनं बरं न्हाई. तुमी लगीन झालेल्या बाई हाय. आता जास्त बोलायला लावू नका."

मी बरं म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले. मला सांगता आलं असतं. पण बसच्या दारात काकूंची सून उभी होती, "चल लवकर" म्हणत होती. तिच्या कानावर गेलं की संध्याकाळच्या आत काकूंच्या कानावर, आणि मग खोली गेली. खोली की तो, असा साधा हिशोब होता. आणि मी, इतकी मोठी बाई, भोसरीपर्यंत त्यावर विचार करत होते. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

रविवारी दुपारी आरशासमोर बसून मंगळसूत्र काढलं. हूक घट्ट झाला होता, सेफ्टी पिनेने उचकटावा लागला. रोजच्या टेपचा चिकटा वाट्यांच्या कडेला काळा होऊन बसला होता. खोबरेल तेल लावून तो पुसला, चष्म्याच्या जुन्या केसमध्ये ते ठेवलं, केस कपाटात ठेवून वर टॉवेल ठेवला. वाटलं होतं, आता तरी काही होईल. काही झालं नाही. फक्त मान हलकी वाटली, आणि ते हलकेपण मला दिवसभर खटकत राहिलं.

सोमवारी रांगेत उभी राहिले. माझ्यामागे काकूंची सून. काउंटरच्या कडेला माझा तुकडा लावलेलाच होता. त्याने तो उचलून पुढे केला.

"नको," मी म्हणाले.

"घरी राह्यलं का?"

"नाही. नवराच नाहीये. दोन वर्षं झाली सुटून. गुजरातला कोणी नाही."

मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने बोलले मी. मागे सुनेची कुजबुज थांबली. तो तसाच उभा राहिला, टेप त्याच्या बोटाला चिकटलेली. मग म्हणाला, "मंग मी अर्ज म्हागं घेतो." आणि मागच्या बाईला, "या, ताई."

खोली गेलीच. काकू काही कडक बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर दिली नसती, पण खोटी तरी ठरली नसतीस." हे मात्र लागलं. महिना संपायच्या आत सांगवीत एक जागा मिळाली, जिथे कोणी गळा बघितला नाही. सामान न्यायला तो गावाकडचा छोटा टेम्पो घेऊन आला. कपाट, गादी, सिलेंडर, सगळं तो एकटाच खाली उतरवत होता. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होतं. तो डोक्यावर शेगडी घेऊन जिन्यात थांबला, मी काय सांगते ते ऐकायला.

"अजून कोणी नाहीत, काकू," मी म्हणाले, आणि पुढचं बोलायला गेले तर दोन वर्षं न आलेलं रडू आलं.