सामानापाशी कोण बसणार

२०२४ साल होतं, मला एकोणसत्तरावं चालू होतं. दिवाळीच्या फराळाला पोरगा पुण्याहून आलता. तेव्हा मी सांगून टाकलं, की येत्या हिवाळ्यात मी काश्मीरला जाणार आणि बर्फावर स्की करणार. विचारलं नाही. सांगितलं.

स्की म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. पायात जड बूट घालायचे, बुटांखाली माणसाएवढ्या लांब दोन पट्ट्या अडकवायच्या, दोन्ही हातांत काठ्या धरायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. पडायचं नाही. मी फुलंब्रीकडचा, शाळा पाचवीपर्यंत. पण मी फौजेत गेलो तेव्हा तेवढ्यावर घेत होते, आणि फौजेनं मला दोन हिवाळे बर्फात ठेवलं. तिथं एक गढवाली उस्ताद होता. त्यानं शिकवलं. माणूस घाबरला की मागं रेलतो, आणि मागं रेलला की पडतो, एवढं एकच तो रोज ओरडून सांगायचा. डोंगराकडची पोरं पडत होती आणि मी, ज्यानं तोवर बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलेला, मी उभा राहत होतो. ही बढाई नाही. उस्तादानं सगळ्यांसमोर तसं म्हणलेलं आहे.

पुढं आमची पलटण राजस्थानात गेली. वाळूच वाळू. मग मी पेन्शनीत निघालो आणि वाळूजला एका कंपनीच्या गेटवर उभा राहून म्हातारा झालो. बर्फ पुन्हा दिसला नाही. माझा स्कीवरचा फोटो एकसुद्धा नाही. पोरगा लहान असताना विचारायचा, "बाबा, खरंच तुम्ही घसरायचे का?" मोठा झाल्यावर विचारायचं सोडलं. सोडलं का, ते मला कळतं. म्हणून पाय आहेत तोवर एकदा घरच्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

पोरगा चिवडा खाता खाता थांबला. "हाडं मोडली तर?"

"मोडली तर माझी मोडतील."

"एकट्याला मी जाऊ देणार नाही. आई आली पाहिजे, आणि सोबत अजून एक माणूस. तर तिकिटं मी काढतो. नाहीतर विषय बंद."

तो इंजिनियर आहे. अट घातली की घातली. हा गुण त्यानं माझ्याकडनंच घेतलाय, त्यामुळं बोलायला जागा राहिली नाही. हाडांच्या डॉक्टरला दाखवून आलो. तो म्हणाला, गुडघे म्हातारे झालेत पण कामाचे आहेत, मांड्यांना सवय करा.

आता माणसं जमवायची. बायको तर होतीच. तिला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "बरं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तिथं मी काय करू?"

"तिथं खुर्च्या असतेत. चहा मिळतो. बसायचं."

"बरं," पुन्हा म्हणाली.

दुसरा माणूस म्हणजे गल्लीतला माझा दोस्त. तीस वर्षांचा शेजार. शहागंजात त्याचं रजया-गाद्या भरायचं दुकान आहे, आता ते त्याची पोरं बघतेत. त्याला शुगर आहे आणि तोंडही भारी आहे.

"बरफ?" तो म्हणाला. "नक्को यार. मेरेकू फ्रिज का पानी नै झेपता, तू बरफ पे ले जाता?"

"घसरणार मी. तू फक्त बघायचं."

"देखने के वास्ते इत्ता दूर? गली में गिर ना, फौजी. मैं ओटे पे बैठके देखता."

पण दोन दिवसांनी स्वतःच आला. फेब्रुवारीत रजईचं गिऱ्हाईक संपतं, तेव्हा जाऊ म्हणाला. बर्फसुद्धा फेब्रुवारीत चांगला असतो, म्हणून महिना तिथंच ठरला. मग त्यानं आम्हा तिघांसाठी कापूस भरून बंड्या शिवल्या. चांगल्या जाडजूड, टाके मोजून घ्यावेत अशा. मी हातात घेऊन सांगितलं, बर्फात कापूस चालत नाही. भिजला की दगड होतो, अंगाची ऊब खातो. फौजेत पहिल्याच दिवशी सांगतेत.

"चालीस साल से सारे शहर को गरम रखा मैं," तो म्हणाला, "और तू मेरेकू कपास सिखाता?" दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोकडं निरोप दिला, "भाभी, उसकू बोलो, मैं हॉटेल के अंदर पहनूंगा. बरफ में नै." बंडी मात्र त्यानं त्या दिवसापासून अंगातनं काढली नाही.

दर रविवारी मी मांड्या तयार करायला दौलताबादला जाऊ लागलो. सकाळी वेरूळकडं जाणारी बस धरायची. किल्ला पार वरपर्यंत चढायचा आणि उतरताना गुडघे वाकवून, अंग पुढं टाकून उतरायचं, जसं उस्ताद सांगायचा तसं. लोक बघायचे. बघू देत. हे दोघंही सोबत यायचे. बायको धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, दोस्त तिथं विकायला असलेल्या पेरूंसाठी. शुगरवाल्याला पेरू चालतो असं त्यानं स्वतःच ठरवलेलं. दोघं दरवाज्याच्या आत झाडाखाली पिशव्यांपाशी बसायचे. मी खाली आलो की आम्ही खायचो आणि घरी यायचो. तीन-चार रविवार असे गेले.

डिसेंबरातल्या एका रविवारी घरी आल्यावर मी दोघांना बसवून सगळा बेत नीट समजावला. पिठाचा मोठा डबा मधे ठेवला. म्हणलं, हा डोंगर. तारेवर चालणारा पाळणा असतो, तो मला इथं वर नेणार. इथनं मी घसरत खाली येणार. डब्याच्या पायथ्याशी एक वाटी पालथी घातली. "आणि हे तुम्ही. सामानापाशी. माझे साधे बूट, पिशव्या, डबे, सगळं इथं. दुपारी जेवण. मग मी पुन्हा वर."

दोस्तानं वाटी उचलून बघितली. "इसके अंदर टीवी है क्या?"

बायको हसली नाही. म्हणाली, "मी येत नाय."

मला वाटलं गुडघा दुखत असंल. तसं विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरली नाय. मी येत नाय."

"मग झालं काय?"

"व्हायचं काय. वेरूळला लेणी बगायला गेलो, पोरगं लहान व्हतं, मी पिशव्यांपाशी बसले. म्हैसमाळला गेलो, पिशव्यांपाशी बसले. अजिंठ्याला तुमच्या कंपनीची ट्रिप गेलती, सगळ्यांच्या पिशव्या माझ्यापाशी. आता दर रविवारी दौलताबादला. बर्फातबी सामानच राखायचं असलं तर माझ्या घरात हाय की सामान. इथंच राखते."

मी म्हणलं, कुणाला तरी बसावं लागतंच. सामान काय हवेत ठेवायचं?

"मग बसा की कुणीतरी," ती म्हणाली आणि पिठाचा डबा उचलून जागेवर नेऊन ठेवला. डोंगरच नेला.

त्या आठवड्यात मी तिच्याशी बोललो नाही. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, जेवायला वाढत होती, गोळ्या हातावर ठेवत होती, त्यामुळं माझ्या न बोलण्याचा म्हणावा तसा उपयोग होईना. मंगळवारी मी दोस्ताला गाठलं. म्हणलं, आपण दोघंच जाऊ. पोराला सांगू की ती येतीय, ऐनवेळी बघू.

"भाभी नै तो मैं भी नै," तो म्हणाला. "तू ऊपर जाके पड्या तो मैं अकेला क्या करूं? काश्मीरी में रोऊं?"

"मी पडत नाही."

"मालूम. पर भाभी नै तो नै. और झूठ भी नै बोलता मैं, इस उमर में याद नै रहता किसकू क्या बोला."

शनिवारी संध्याकाळी पोराचा फोन आला. तिकिटांचे भाव चढायला लागलेत, उद्यापर्यंत सांगा, नाहीतर यंदाचं राहू द्या. यंदाचं राहिलं की पुढच्या वर्षी मी सत्तरीत. डॉक्टर तेव्हा काय म्हणंल सांगता येत नाही. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. दोस्तही आलता, आत पाटावर बसून चहा पीत होता. मी तिला विचारलं, "तुला तिथं काय पाहिजे, ते तरी सांग. खुर्ची नको, चहा नको."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला वर यायचंय. जिथनं तुम्ही निघता, तिथं."

"वर काय आहे? वारा आहे नुसता. थंडी मरणाची."

"पाळण्यातनं बाकीचे लोक जातेत का नाय वर?"

"जातेत."

"स्की न करणारे?"

"तेबी जातेत."

"मग? खालनं मला काय दिसणार हाय? सगळ्यांच्या डोक्यात टोपडं, डोळ्याला चष्मा. पोरानं दाखवला व्हता व्हिडिओ. मुंग्यावानी ठिपके दिसतेत. उद्या पोरानं इचारलं, आई, बाबा खरंच घसरले का? तर मी काय सांगू? एक ठिपका आला खाली, तुझा बाप असंल म्हणून?"

दोस्त म्हणाला, "बात पॉइंट की है, फौजी."

मी त्याला गप बस म्हणलं. पण मी सगळा बेत डोंगराच्या आणि माझ्या मापानं केलता आणि जी माणसं बघायला नेणार, त्यांना दिसणार काय, हे त्यात धरलंच नव्हतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. कळलं म्हणून मी लगेच मान डोलावली असं मात्र नाही.

म्हणलं, "वर हवा पातळ असती. दम लागतो. तुला जमणार नाय."

"कुणी सांगितलं?"

"दौलताबादच्या किल्ल्यावर तरी कधी गेलीस का तू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "कवा जाऊ? पिशव्या कुणापाशी ठिऊन?"

दोस्ताच्या नाकात चहा गेला आणि तो ठसकत बसला.

"उद्या रविवार आहे," मी म्हणलं. "उद्या बघू. पार टोकाशी बारादरीचा महाल आहे, तिथपर्यंत जाऊन आलीस, तर बोलू."

"उद्या बगू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची बस धरली. थंडी होती, खिडक्या सगळ्या बंद. किल्ल्याच्या दरवाज्यातनं आत गेलो आणि नेहमीच्या झाडाखाली पिशव्या ठेवल्या. तिनं पदर खोचला. चार पायऱ्या चढून बघितल्या आणि परत आली.

"चपला घसरतेत. तुमचे बूट द्या."

माझे कॅनव्हासचे बूट तिला दोन बोटं मोठे. पाय आत खुळखुळायला लागले. तेव्हा दोस्तानं अंगातली बंडी काढली, खालच्या कडेचे चार टाके दातानं तोडले आणि आतला कापूस उपसून बुटांच्या टोकांत कोंबला. कोंबताना माझ्याकडं बघत होता.

"कपास नै चलता बोला था ना तू?"

"बर्फात चालत नाही," मी म्हणलं. "इथं बर्फ कुठंय?"

नाड्या मीच आवळून दिल्या. ती म्हणाली, "वाटंत ते अंधारीचं भुयार हाय, त्यात वटवाघळं हायत म्हणं." मी सांगितलं, आहेत, पण ती माणसाला काही करत नाहीत, उजवा हात भिंतीला लावून चालत राहा, पायऱ्या उंच-ठेंगण्या आहेत, आणि उतरताना मागं रेलू नको. दोस्त म्हणाला, मैं अंधारी तक आता भाभी के साथ, आगे नै. दोघं निघाले. वळणापर्यंत तिचे ते पांढरे बूट दिसत होते.

मी बसलो. पायात मोजे नुसते. शेजारी तिच्या चपला, त्यात माझी बोटंसुद्धा जाईनात, म्हणजे मागनं जाऊन बघायचीही सोय नव्हती. धपाट्यांच्या डब्याला कुत्रं हुंगायला आलं, त्याला हाकललं. करमाडकडचं एक कुटुंब आलं, लेकरंबाळं घेऊन. त्यातला एकजण म्हणाला, "बाबा, तुम्ही बसलेलेच हायत, तर एवढी बॅग बगता का?" मी म्हणलं, ठेवा. त्यांनी दोन बॅगा, पाण्याची कळशी आणि एक छत्री ठेवली. छत्री कशाला आणलेली कुणास ठाऊक. जाताना त्यातल्या म्हातारीनं मला सांगितलं, बॅगेत मोबाईलचा चार्जर आहे, नीट बघा.

ऊन झाडाखालनं सरकलं तशा मी सगळ्या पिशव्या सावलीत सरकवल्या. दोस्त अजून खाली आला नव्हता, म्हणजे अंधारीच्या पुढंही गेला असणार. वर बारादरीपाशी माणसं हलताना दिसत होती. एक हिरवं लुगडं असावं असं वाटत होतं. तिनं हिरवंच नेसलेलं. पण तेवढ्या लांबनं ते कुणाचंही असू शकत होतं.

तेवढ्यात पोराचा फोन आला. "बाबा, काय ठरलं? काढू का तिकिटं?"

"थांब जरा," मी म्हणलं. "तुझी आई वर गेलीय. ती खाली आली की सांगतो."

"आणि तुम्ही?"

"मी सामानापाशी बसलोय."