आश्रुबाचा ग्लास

भुजंगरावांना दारूचं व्यसन नव्हतं. शनिवारी एक पेग, तोही पाणी घालून घालून पुरवलेला. त्यांना वेड होतं ते पिण्याच्या जुन्या भांड्यांचं. पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात ते नवीन लागले तेव्हा कुण्या मोठ्या साहेबाचा खास प्रवासाचा सलूनचा डबा साइडिंगला उभा होता. सही घ्यायला म्हणून ते आत गेले आणि सही विसरून बघतच राहिले. सागवानी कपाट, फळीला गोल भोकं पाडून त्यांत बसवलेले ग्लास, बर्फाचा चिमटा, सोड्याचा निळा सायफन. सगळं निजामाच्या काळातलं. आपल्या घरात असा एक कोपरा असावा आणि समोर आपला जोडीदार बसावा, हे तेव्हा त्यांच्या मनात शिरलं ते शिरलंच.

जोडीदार म्हणजे आश्रुबा गार्ड. दोघं एकाच साली नोकरीला लागलेले. आश्रुबा गाडी घेऊन सिकंदराबादेला जायचा आणि विश्रांतीच्या वेळात हैदराबादचा जुना बाजार पालथा घालायचा. नवाबांच्या देवड्या म्हणजे हवेल्या तेव्हा रिकाम्या होत होत्या. एकेकाळचं खानदानी सामान गोणपाटावर मांडलेलं असे. परतीच्या गाडीला आश्रुबाच्या पेटीत, हिरव्या झेंडीत गुंडाळून एखादी वस्तू यायची. गाडी थांबली की भुजंगराव हातगाडी तशीच सोडून गार्डाच्या डब्याकडे धावायचे.

"काय आणलंस?"

"आधी चहा पाजा, राव. नवाबानं बेगमेपासून लपवलेला माल हाय."

"अरे, दाखव तर!"

"तुमी पेणार एक घोट, अन् भांडे बघा! घोड्याआधी झूल घ्यायलाव!"

असं करत करत सुरई आली, पेग मोजायचं दुतोंडी माप आलं, एकसारखे सहा नक्षीदार ग्लास आले. मोडीत काढलेल्या डब्यांचं सागवान लिलावात घेऊन भुजंगरावांनी बैठकीच्या कोपऱ्यात अर्धगोल काउंटर करून घेतला. मागे आरसा लावला. पुढे दोन उंच स्टुलं.

इतकं सगळं ज्याच्या हातून आलं, तो आश्रुबा मात्र ओट्याच्या आत कधी आला नव्हता. आणून द्यायचा, ओट्यावरून दोन शब्द बोलायचा, जायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. पालमकडच्या एका खेड्यात आश्रुबाच्या बहिणीचं, चांगुणाबाईचं घर जाळलं गेलं. ती पोरांना घेऊन भावाच्या क्वार्टरवर आली. जाळणाऱ्यांत आपल्या नात्यातली माणसं होती असं भुजंगरावांच्या कानावर आलं. ते फार ओशाळले. आपण तसे नाही हे आश्रुबाला कळायलाच हवं, तो आपल्या घरात, आपल्या काउंटरला बसायलाच हवा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

हे सांगितल्यावर त्यांच्या आई नर्मदाबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "येऊ दे की. मी कुठं न्हाई म्हनायले? पर माज्या घरच्या गिलासाला त्याचं तोंड लागलं, तर मी धाकट्याकडं जाते. मग मेल्यावरच या बघायला."

भुजंगरावांची बायको अंबिका खाली मान घालून भाजी चिरत राहिली.

दोन दिवस विचार करून भुजंगरावांनी तोड काढली. आश्रुबानेच आणलेला एक एकटा ग्लास होता. बेल्जियमची जाड काच, काठाला चांदीची पट्टी. सगळ्या संग्रहात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. त्यासाठी त्यांनी भिंतीत वेगळी फळी ठोकली, तिच्यावर मखमल अंथरली. पहिल्या शनिवारी तो ग्लास दोन्ही हातांनी आश्रुबापुढे ठेवला. "हा तुझा. दुसऱ्या कुणी याला हात लावायचा नाही."

आश्रुबा ग्लासाकडे बघतच राहिला. मग हसला. "मला बी नवाब केलं म्हना की!"

आईचा शब्द राहिला आणि मित्राचा मानही झाला. आपण किती छान जमवलं, असं भुजंगरावांना वाटलं. तो ग्लास ते स्वतः मागच्या दारी विसळायचे. इतकी नाजूक वस्तू बायकांच्या हातात कशाला द्यायची, असं म्हणायचे. म्हणता म्हणता त्यांना ते खरंही वाटू लागलं.

काही वर्षं शनिवार असे आनंदात गेले. मग बन्सीधर नावाचे नवे स्टेशनमास्तर बदलून आले. एका शनिवारी तेही काउंटरला आले. रसिक माणूस. फळीवरचा तो ग्लास बघून त्यांनी सहज उचलला. "वा! आज आम्ही यातच घेणार."

माजघराच्या दारातून नर्मदाबाई ओरडल्या, "साहेब, त्यो नगा घेऊ! ठिवा खाली! त्यो आश्रुबाचा हाय!"

मास्तरांनी ग्लासाकडे बघितलं, आश्रुबाकडे बघितलं, ग्लास हळूच ठेवला. मग त्यांचा हात आपोआप पँटला पुसला गेला.

काय करायला हवं हे भुजंगरावांना लख्ख दिसत होतं. त्या एकसारख्या सहांतला एक ग्लास उचलून आश्रुबापुढे भरायचा, नाहीतर चांदीच्या काठाला स्वतः ओठ लावायचे. हात पुढे झाला आणि सायफनवर गेला. "आईला त्या ग्लासाची फार काळजी," ते म्हणाले.

"व्हय," आश्रुबा म्हणाला. "इतके साल मी सोताला नवाबच समजायलतो."

त्याने ग्लासातलं संपवलं. उठून मागच्या दारी गेला, ग्लास स्वतः विसळला आणि मखमलीवर ठेवला. "चलतो. गाडी हाय."

त्या दिवशी त्याला गाडी नव्हती.

सोमवारी भुजंगराव त्याच्या डब्याशी गेले. "आश्रुबा, येत्या शनिवारी त्या सहांतल्याच ग्लासात घे."

"माईला इचारून आलाव का?"

भुजंगरावांनी डब्याचा दांडा धरला.

"मंग? सरका मागं, राव. गाडी सोडायची हाय." त्याने हिरवी झेंडी काढली आणि हलवली. त्या झेंडीतून पुन्हा कधी काही आलं नाही. वर्षाच्या आत अर्ज करून तो परभणीला बदलून गेला.

पुढे नर्मदाबाई वारल्या. आता आड येणारं कुणी नव्हतं. भुजंगरावांनी दोनदा निरोप धाडले. उत्तर आलं नाही. ते निवृत्त झाले. एकसारखे सहा ग्लास वापरात एकेक करून फुटले. एक जावयाच्या हातून, एक मांजरामुळे. सायफन गळू लागला तो दुरुस्त करणारं कुणी मिळेना.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सरकारने मिटवला. भुजंगराव तिळगूळ घेऊन एसटीने परभणीला गेले. आश्रुबाने बसवून घेतलं. चांगुणाबाईने सगळ्यांना सारख्याच कपांत चहा दिला, भुजंगराव प्यायले. दोघांनी जुन्या गाड्या आठवल्या, दोघं हसलेही. निघताना भुजंगराव म्हणाले, "एकदा ये. दोन्ही स्टुलं अजून तशीच आहेत."

"न्हाई, राव. तुमी मानूस चांगले हाव. वाईट असता तर त्या ग्लासाचं मी पयल्याच दिवशी समजलो असतो."

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. त्या संग्रहातला एकच ग्लास शिल्लक होता, फळीवरचा. कुणी हातच लावत नव्हतं म्हणून राहिलेला. भुजंगरावांनी तो खाली घेतला, पेग ओतला, पाणी घातलं. अंबिका देवापाशी दिवा लावत होती. बघायला कुणीच नव्हतं. त्यांनी ग्लास उचलला. हात हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. पुष्कळ वेळ तिथेच राहिला.

मग ते उठून मागच्या दारी गेले. दारू मोरीत ओतली, ग्लास विसळला, पुसला आणि त्याच्या फळीवर नेऊन ठेवला.