डुबूचे दात

दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बाजारात आंबवलेलं पाकट विकणाऱ्या बाईला वासाचं काय वावडं? बोक-सिमचे हात निम्मं आयुष्य त्या नाकात झिणझिण्या आणणाऱ्या माशात गेले होते. पण त्या हिवाळ्यात डुबूच्या तोंडाला घाण सुटली, तेव्हा तिलाही मळमळायला लागलं.

हा पांढरा, केसाळ, म्हातारा कुत्रा मुळात तिचा नव्हताच. तिच्या मुलाने, सांग-उकने, सोलमध्ये हौसेने घेतला, कपडे घालून फोटो काढले, आणि लग्नानंतर बायकोला केसांची किळस वाटू लागली तशी आईच्या दारात आणून टाकला. ‘थोडेच दिवस’ म्हणाला होता. त्याला वर्षं लोटली.

डुबूने खाणं सोडलं तेव्हा ती त्याला काखोटीला मारून बंदराजवळच्या नव्या चकचकीत दवाखान्यात गेली. आत अत्तराचा घमघमाट. तिला शिसारीच आली.

डॉक्टरने लांबूनच पाहिलं आणि रक्त, हृदय, सगळ्या अंगाचं स्कॅन असं धडाधड सांगत सुटला.

“आधी झालंय काय, ते तर सांगा.”

“तपासण्यांशिवाय कसं सांगणार, आजी?”

“तोंड उघडून!” ती म्हणाली. त्याने काही हात लावला नाही.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने गोड हसत एक रंगीत कागद पुढे सरकवला. कुत्र्याचा अंत्यविधी, आत्ताच नोंदवला तर सवलत, वर राखेचे मणी करून मिळतील.

“अगं भवाने, जिवंत आहे तो!” बोक-सिम ओरडली आणि तिथून निघाली ती थेट दुकानात.

तिने मुलाला फोन लावला.

“एवढा खर्च? म्हातारं झालंय ते, आई. इंजेक्शन देऊन मोकळी हो. मी तुला नवीन पिल्लू आणून देतो ना.”

फोन खाली ठेवून तिने हात एप्रनला खसाखसा पुसला.

मग श्वास रोखून तिने डुबूचा ओठ वर केला; दात कुजून हलत होते. गिऱ्हाइकं सांभाळत तिने एकेका दवाखान्याला फोन केले. प्रश्न एकच: “दात काढायला किती लागतील, आधी सांगाल का?” सगळीकडून तेच उत्तर, आधी घेऊन या. शेवटी स्टेशनमागच्या डॉक्टर नाम यांनी स्वतः फोन उचलला. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, हृदय फारच कमजोर निघालं तर भूल देणार नाही, सगळं सांगितलं.

ती डुबूला घेऊन पोचली, तेव्हा त्यांनी त्याचं तोंड उघडलं आणि चटकन मान फिरवली.

“छी! मावशी, वर्षभराची घाण आहे ही. इतके दिवस काय करत होतात?”

वास आला की तीही तोंड फिरवत होती. तिला स्वतःचीच किळस आली.

तिने बाजारातल्या भिशीत आपला नंबर आधी मागून घेतला. “नवऱ्यासाठी कधी नंबर मागितला नाहीस गं!” सुक्या माशाच्या दुकानातली मी-ग्योंग फिदीफिदी हसली.

“नवरा आजारी पडला की कण्हायचा तरी. हे मुकं जनावर आहे.”

हृदयाने भूल सोसली, दात निघाले. हृदयाचं औषध मात्र जन्मभराचं लागलं. तेव्हा बोक-सिमने बाजारातल्या कुत्री-मांजरी पाळणाऱ्या चार बायका गोळा करून वेगळी भिशी सुरू केली: कुणाचं जनावर आजारी पडलं की तिला आधी पैसे. आठवड्याने मी-ग्योंगही आली, आपल्या मांजराचं नाव सांगत.

नववर्षाच्या सणाला सांग-उक आला. हातात खोका, खोक्यात पिल्लू.

“बघ आई, कसं गोंडस आहे!”

“याचे दात कुजले की कुणाच्या दारात टाकणार?”

“सणासुदीला काय बोलतेस हे!”

“घेऊन जा त्याला. परत करता येत नसेल तर पाळ. मरेपर्यंत पाळ.”

तो सणाचं सूप अर्धं टाकून उठला. डुबू कोपऱ्यात पातळ पेज चाटत होता. त्याने मान वर केली नाही, सांग-उकनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. खोका घेऊन तो गेला.

मुलाचं उष्टं बोक-सिमने कधी वाया घालवलं नव्हतं. त्या दिवशी वाडगा तोंडाजवळ नेला, थांबली, आणि मोरीत ओतून दिला.