आयरिश सायकलीवरचं फुग्यांचं पीठ

मस्कतच्या हिवाळ्याला हिवाळा म्हणायचं की नाही, यावरून आमच्या हॉटेलच्या मेंटेनन्स खात्यात दर डिसेंबरात दोन तट पडायचे. एका बाजूला आम्ही सगळे हिंदुस्थानी. पारा जरा विशीकडे घसरला की कानटोप्या निघायच्या, मफलर निघायचे. एकजण तर स्वेटरवर स्वेटर असे इतके घालायचा की पाठीमागून हाक मारली की पूर्ण वळेपर्यंत त्याची चहाची सुट्टी संपायची. दुसऱ्या बाजूला आमचा चीफ इंजिनियर, आयर्लंडचा, एकटाच. तो अर्ध्या चड्डीत सायकल हाणत यायचा आणि म्हणायचा, "हा तुमचा हिवाळा म्हणजे आमचा उन्हाळा. तोही चांगल्या वर्षीचा."

त्याच्या गावाकडे म्हणे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाची काच बसते, दुपारच्या चहालाच अंधार पडतो, आणि पाऊस वरून न पडता समोरून येतो. एकदा म्हणे त्याने ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली, पण साहेब घसरत घसरत थेट पुढच्या गावात पोचला. तिथे दुकान दिसलंच आहे तर दूध घेऊन चालत परत आला. हे त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मी त्याच क्षणी ओळखलं, हा आपल्यातलाच. मी पुढे हाच किस्सा गावी, वसईला फोनवर सांगितला तेव्हा साहेब दोन गावं ओलांडून गेला होता आणि दुधाबरोबर अंडीही घेऊन आला होता.

साहेबाचा करार संपला तेव्हा जाताना त्याने सायकल मला दिली. दणकट, काळी, मागे चांगलं रुंद कॅरिअर आणि पुढे-मागे मडगार्ड. ओमानात सायकलीला मडगार्ड म्हणजे उंटाला रेनकोट. पण मी काढले नाहीत. आयर्लंडचा चिखल त्यांना चिकटलेला होता, तोही मी शोभेला ठेवला.

मला सायकलीची गरजही होती, कारण गाडीचं लायसन्स काही मिळत नव्हतं. तिकडे परीक्षेत ड्रम मांडून ठेवतात आणि त्यांच्या मधून गाडी उलटी न्यायला लावतात. मी जितके ड्रम पाडले तितके एकाला एक बांधले असते तर वसईच्या खाडीवर तरंगता पूल झाला असता. शेवटी शेवटी परीक्षा घेणारा पोलीस मला बघितल्यावर आधी स्वतः बाजूला व्हायचा.

तर हिवाळा आला की मी अल् घुब्र्याच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधून सायकलवर कामाला जायचो. सकाळी सीटवर दव असायचं. ते रुमालाने पुसलं नाही तर दिवसभर लोक पाठीमागून बघून हसायचे. गाड्यांखालची मांजरं इंजिनाच्या उबेला बसलेली असायची आणि घंटी वाजवली की माझ्याकडे असं बघायची की मीच माफी मागायचो. सगळ्यात ताप म्हणजे टॅक्सीवाले. नारिंगी-पांढरी टॅक्सी मागून येणार, पॉं करणार, हळू होणार. माणूस सायकलवर आहे याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच, बिचाऱ्याला अजून टॅक्सी मिळालेली नाही.

बायकोला मात्र यातलं काही गमतीचं वाटत नव्हतं. ती मुलीला घेऊन आली त्याला वर्षही झालं नव्हतं. वसईत तिचं सगळं गावच ओळखीचं. इथे चार भिंती, एक एसी आणि सायकलवर नाचणारा नवरा. आमची वसईकर मंडळी विमानतळापलीकडे, सीबकडे राहायची. तिथे गेली की ती कोपऱ्यात बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. नोव्हेंबरात एकदा भांडी घासता घासता तिने पाठ न वळवता सांगितलं, "नाताळपर्यंत बघते. नाही जीव रमला तर मी आणि पोर वसईला. तू राहा तुझ्या सायकलीबरोबर."

ती रागात असते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती शांतपणे बोलली, म्हणून वाटली.

त्याच सुमारास मावशीचा खांदा धरला. ही मावशी नात्याने कोणाचीच नव्हती, म्हणून सीबमधल्या सगळ्या वसईकरांची होती. दर नाताळच्या जेवणाला फुगे तीच करायची. मटणाचं इंद्याल कितीही झणझणीत झालं तरी फुग्यांशिवाय आमचा नाताळ होत नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यांचं सैलसर पीठ भिजवायचं, ते फुगू द्यायचं, मग मुठीत घेऊन अंगठ्याच्या वरून पिळायचं आणि गोळा अलगद तेलात सोडायचा. तो टम्म फुगतो. ज्याचा खांदा हलत नाही त्याने मूठ कशी पिळायची? मावशीने सगळ्यांच्या देखत माझ्या बायकोकडे बोट दाखवलं.

"बाय, औंदा फुगे तू कर."

"मी?" बायको म्हणाली.

"नाहीतर काय तुझा नवरा करणार? त्याच्या तोंडात वाफ आहे, पण हातात नाही." आणि वर म्हणाली, "नाही फुगले तर नाही फुगले. बेकरीत खुबूस मिळतोच."

सगळे हसले. बायको हसली नाही. नाताळच्या दिवशी इंद्यालाबरोबर खुबूस, ती चपटी अरबी रोटी! पुढची दहा वर्षं ज्याच्या त्याच्या तोंडी तेच राहिलं असतं.

ओमानात नाताळची सुट्टी नसते. तो आठवड्यात कधीही येवो, आम्ही जेवण घालायचो शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी. गुरुवारी संध्याकाळी बायकोने पीठ भिजवलं. वसईत त्यात ताडी घालतात, इथे ताडी कुठली, म्हणून यीस्ट. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "तिकडे वाळवंट आहे ना? मग यीस्ट निम्मंच घाल. नाहीतर पीठ उतू जाऊन शेजाऱ्याकडे जाईल." सासूबाईंच्या डोळ्यासमोर ओमान म्हणजे बारमाही तापलेला तवा. आणि गंमत म्हणजे आम्हालाही ते पटलं! वसईत डिसेंबरात पातेल्यावर गोधडी घालतात. इथे कुणी गोधडी घातली नाही. पातेलं फरशीवर ठेवलं, थंडगार संगमरवरी फरशीवर, आणि खिडकी उघडी. समुद्रावरचा वारा रात्रभर त्याच्यावर फुंकर घालत होता.

सकाळी झाकण काढलं. पीठ जसं ठेवलं होतं तसंच होतं. किंबहुना मला तर ते थोडं खाली गेल्यासारखं वाटलं.

मुलीने वाकून बघितलं. ती इथल्या शाळेत जायला लागल्यापासून तिचं मराठी अडखळायचं. म्हणाली, "डॅडी, फुगे... फ्लॅट आहेत."

खाली आमच्यातल्याच एकांची गाडी हॉर्न वाजवत होती, सीबला इंद्याल करायला बायकांना न्यायला आली होती. बायकोने मुलीचा हात धरला आणि दारात थांबून म्हणाली, "फुगलं तर घेऊन ये. नाही फुगलं तर येताना खुबूस आण."

मी कामाला लागलो. पातेलं फ्रिजच्या मागे ठेवलं, गीझरखाली ठेवलं, हेअर ड्रायर लावला. मुलीच्या लहानपणीच्या गुलाबी ब्लँकेटमध्ये गुंडाळून पोटाशी धरून बसलो. त्याला आयर्लंडच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी बाल्कनीत उन्हाची एक पट्टी आली तिथे नेऊन ठेवलं, आणि बऱ्याच वेळाने एका कडेला एक बुडबुडा आला. लहानसा, पण आला. मी त्याच्याकडे डोळ्यांत पाणी आणून बघितलं. याला ऊन हवं होतं, भरपूर ऊन.

खाली उतरलो सीबला जायला टॅक्सी बघायला. रस्ता मोकळा! जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. टॅक्सी चालवणारे सगळे ओमानी, सगळे मशिदीत. एरवी सायकलवर असताना माझ्या मागे लागणाऱ्या त्या टॅक्सींपैकी एकही दिसेना. मी पॉं ऐकायला तळमळत होतो.

मग काय, गुलाबी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं पातेलं आयरिश कॅरिअरवर बांधलं, वर माझं काळं जाकीट घातलं, काळा रंग ऊन ओढतो म्हणून, आणि निघालो सीबकडे.

समुद्राकडचा रस्ता धरला, विमानतळाच्या मागून जाणारा. एरवी या रस्त्याने जायची माझी छाती नव्हती, पण शुक्रवारी दुपारी तिथे मी आणि समुद्रपक्षी एवढेच. आणि शमाल. हिवाळ्यात वायव्येकडून येणारा हा वारा बरोबर समोरून लागतो. मी पायडल मारत होतो आणि तेच खजुराचं झाड बराच वेळ माझ्या शेजारी उभं होतं. एक विमान डोक्यावरून उतरलं. खिडकीतल्या एका बाईने मला हात केला, विमान धावपट्टीला लागलं, थांबलं, सामान घेऊन ती बाई बाहेरही पडली असेल, मी आपला त्याच झाडाशी. आयरिश साहेबाचा समोरून येणारा पाऊस मला तेव्हा खरा वाटला.

पण ऊन होतं. डाव्या अंगाने, कोवळं नाही, चांगलं पिकलेलं ऊन. ते थेट जाकिटावर पडत होतं.

पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा मागून 'फुस्स' असा आवाज आला. मला वाटलं पंक्चर. उतरून बघतो तर टायर ठणठणीत, झाकण मात्र कललेलं आणि खालून पिठाची एक पांढरी जीभ बाहेर डोकावतेय. मी रस्त्यावर नाचलो! जाकीट काढलं, पीठ आत दाबलं, पुन्हा बांधलं. पुढे पीठ फुगायचं, स्पीडब्रेकर यायचा, सायकल आपटायची, पीठ बसायचं, पुन्हा फुगायचं. मळायचं काम ओमान सरकारच्या रस्त्यांनी केलं. माझं काम फक्त आत ढकलायचं.

शेवटी पिठाने सुतळीच तोडली. मी रस्त्याच्या कडेला एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने झाकण दाबून उभा. नमाज सुटली होती. एक पिकअप थांबला. पांढऱ्या पायघोळ डिशडाशातला म्हातारा ओमानी खाली उतरला, गुलाबी ब्लँकेटकडे बघितलं, ते हळूहळू वर येत होतं, आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"रफीक," तो हिंदीत म्हणाला, "अंदर बच्चा है?"

"नहीं, अर्बाब. आटा है."

"आटा?" त्याने बोट लावून बघितलं. बोट आत गेलं. "वल्ला, ये तो ज़िंदा है!"

कुठे नेतोयस, कशाला नेतोयस, सगळं विचारून झालं. मी सांगितलं, आमची ईद आहे, बायको वाट बघतेय, हे नाही पोचलं तर ती देशाला जाणार. त्याने मान हलवली. हे कारण त्याला पटलं. "यल्ला, पीछे डालो," म्हणाला. पण मागे बघतो तर पिकअपभर बकऱ्या, आणि पिठाचा वास लागून सगळ्यांच्या माना आमच्याकडे. एकीने तर ब्लँकेटचं टोक तोंडात धरलंच. तेव्हा त्याने बकऱ्या बांधायचा रबरी दोर काढला, स्वतः पातेल्याला आडवा-उभा आवळला, आणि पातेल्यावर थाप मारून म्हणाला, "खलास. अब नहीं भागेगा."

मावशीच्या घरी पोचलो तेव्हा इंद्याल तयार होतं आणि टेबलावर, खरंच, खुबुसाची थप्पी होती. कुणीतरी आणून ठेवली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पातेल्याकडे बघितलं. दोर सोडला. झाकण स्वतःहून उठलं, जसं काही आतून कुणी नमस्कार करतंय.

मावशीने नाक खाली नेलं, वास घेतला, मग कानही लावला.

"किती वेळा बसवलंस गो हे?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "सीबपर्यंत जितके स्पीडब्रेकर आहेत तितक्या वेळा."

"मग बरोबर," मावशी म्हणाली. "जावई, बाजूला हो. तेल तापलंय."

बायकोने हात ओला केला, मूठ भरली आणि पिळली. पहिला गोळा तेलात पडला. तो तळाला गेला, वर आला, कुशीवर वळला आणि फुगला. असा फुगला की मला वाटलं छताला लागतो. लागला नाही. पण दुसरा लागला असेल, मी तेव्हा डोळे पुसत होतो, तेलाचा धूर होता. मुलगी ओरडली, "मम्मी, नॉट फ्लॅट!" आणि मावशीने आपल्या धरलेल्या खांद्याने, तो हलत नाही म्हणून सगळे हळहळत होते त्याच खांद्याने, हात उचलून बायकोच्या पाठीवर थाप मारली. खुबुसाला कुणी हातही लावला नाही. मी जाताना ती थप्पी पिकअपवाल्याच्या बकऱ्यांसाठी कॅरिअरवर बांधली. बकऱ्या काही दिसल्या नाहीत.

जेवताना बायको कोपऱ्यात बसली नव्हती. मधोमध उभी राहून सगळ्यांना वाढत होती, आणि मोठमोठ्याने सांगत होती की नवरा सायकलवर कसा आला. तिच्या गोष्टीत मला दोन विमानं आडवी गेली होती. मी मध्ये बोललो नाही.

संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा शमाल पाठीला होता. पायडल मारावं लागलं नाही, निदान विमानतळापर्यंत तरी. तिथे मागून ओळखीचा हॉर्न वाजला. सकाळी बायकांना न्यायला आलेली तीच गाडी माझ्या शेजारी आली, हळू झाली. खिडकीतून बायकोने डोकं बाहेर काढलं होतं, मांडीवर ते रिकामं पातेलं.

"अरे ऐक!" ती वाऱ्यात ओरडली. "हे पातेलं लहान पडतं. पुढच्या वर्षी मोठं लागेल!"

गाडी पुढे गेली. मी हँडलवरचे दोन्ही हात सोडले आणि वाऱ्याने नेलं तसा गेलो.