आधी त्याचं, मग माझं

समोरच्या घरातलं जोडपं बदली होऊन बंगळूरला गेलं आणि जाताना त्यांचा पोपट माझ्याकडे ठेवून गेलं. ठेवून म्हणजे कायमचाच. खरं तर तो कॉकाटेल, राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा. पण आमच्या चारकोपमध्ये चोच वाकडी असली की तो पोपटच. "काकू, तुम्हाला सोबत होईल," त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली. मला सोबत हवी आहे हे परस्पर ठरवणाऱ्या माणसांचा मला राग येतो. तरी पिंजरा घेतला. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा परदेशी, आणि दुपारी घरात पंख्याशिवाय कशाचाच आवाज नसायचा. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणूनच राग आला असावा.

पोपटाला काय लागतं ते मला ठाऊक आहे, अशा तोऱ्यात मी हिरवी मिरची आणि पेरूची फोड ठेवली. माझा मुलगा दुधीच्या भाजीकडे बघायचा तसं त्याने मिरचीकडे बघितलं. मग मूग भिजवले, मक्याचे दाणे सोलले, त्यांनी दिलेले राळे काढले. वाटी आत ठेवायची आणि समोर उभं राहायचं. "खा रे झिला, खा." त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्या मालवणीतला झील, म्हणजे मुलगा. तो दांडीवर इकडून तिकडे सरकायचा, माझ्याकडे बघायचा, पण वाटीला चोच लावायचा नाही. बोटावर बसायला शिकवावं म्हणून राळ्याचं कणीस दाखवत बोट पुढे केलं, तर कडकडून चावला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार दाण्यांपलीकडे त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन केला. एवढासा जीव, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, उशीर केलात तर हातचा जाईल, असं ते म्हणाले. मी घाबरलेच. घरात आलेला एकुलता एक जीव, तोही माझ्या हातून जाणार असं वाटलं. त्या मुलीला बंगळूरला फोन लावला.

"काकू, तुम्ही जेवता तेव्हापण खात नाही?"

"तो उपाशी असताना मी त्याच्यासमोर कशी जेवू?"

"अहो, पण तो आमच्याबरोबरच खायचा ना! आम्ही जेवायला बसलो की मग तो वाटीत तोंड घालायचा. तुम्ही आधी बसा ना."

आधी बसा म्हणे. लग्न होऊन आले तेव्हा एका खोलीत आम्ही आठ माणसं होतो. "सगळ्यांचा झाल्याशिवाय बायल माणसान जेवूक बसूचा नाय," असं सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सासरे, दीर, नवरा, मुलं, मग सासू आणि शेवटी मी. सगळ्यांना वाढून माझ्या वाट्याला माशाची शेपटी यायची. नवरा स्वभावाने चांगला, पण जेवला की उठायचा. आता वाढायला कोणीच नव्हतं, तरी मी ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खात होते, पोपटाच्या नजरेआड.

त्या संध्याकाळी पिंजरा टेबलावर घेतला आणि स्वतःला बांगड्याचं सार आणि भात वाढून घेतला. चोरी केल्यासारखं वाटत होतं. पहिला घास घेतला तेव्हा त्याने मान तिरकी केली. दुसऱ्या घासाला वाटीतून दाणे फोडल्याचा आवाज आला. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांसाठी थांबलो होतो. मला रडूच फुटलं, आणि भात खारट झाला म्हणून मीच मला हसले.

आता तो बोटावर येतो, भाताचं शीत माझ्या हातून घेतो. गेल्या आठवड्यात मला ताप होता. सकाळी कशीबशी त्याची वाटी भरली आणि न खाताच आडवी झाले. दुपारी डोळे उघडले तेव्हा वाटी भरलेलीच होती. हा दांडीच्या टोकाला बसून माझ्याकडे टक लावून बघत होता.

उठले. पेज केली आणि खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली. लग्न झाल्यापासून आजवर माझ्या जेवणासाठी उपाशी थांबलेला हा पहिलाच.