साडूला जळवायला निघालो, तर आचऱ्यात चिटपाखरू नव्हतं

मालवणला जायची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. कुणी समुद्र म्हणतं, कुणी मासे. माझं कारण सतीशराव. हे माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मागच्या हिवाळ्यात ते मालवणला जाऊन आले आणि तेव्हापासून आमच्या घरच्या प्रत्येक जेवणात त्यांची ती समुद्र दिसणारी खोली येऊन बसायची. त्यांना डॉल्फिनही दिसले होते. डॉल्फिन दिसण्यात माणसाचं काय कर्तृत्व? पण फोटो असे दाखवायचे, जणू ह्यांनीच ते पाळलेत.

मी जळलो. सरळ सांगतो, खूप जळलो.

म्हणून मी मालवणच्या अलीकडचं आचरं निवडलं. गर्दी नाही, समुद्र तोच. रघुकाका नावाच्या गृहस्थांच्या घरी खोली ठरवली, तीही सतीशरावांपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त. निघायच्या आठवड्यात रघुकाकांचे दोन-तीन फोन येऊन गेले. भाडं वाढवायला करत असणार, म्हणून मी उचलले नाहीत.

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट. रस्ता देखणा, पण वळणं बेरकी. तुम्ही जाणार असाल तर सावकाश उतरा. मी उतरलो नाही, कारण सतीशराव चार तासांत पोचले होते आणि मला त्याच्या आत पोचायचं होतं. घाट संपता संपता पुढच्या चाकांतून धूर यायला लागला. मधुरा, म्हणजे माझी बायको, शांतपणे म्हणाली, "सतीशरावांच्या गाडीतून आला होता का हो धूर?"

फोंडाघाटच्या बाजारात मेकॅनिक भेटला. चाकाजवळ वाकून म्हणाला, "ब्रेक तापलेत. घाटात गाडी गेरार उतरवक होयी, ब्रेकार नाय. खंय चल्लात?"

"आचऱ्याला."

"आचऱ्याक? आज?" त्याने शेजारच्या पानवाल्याकडे पाहिलं आणि दोघंही हसले. "जावा, जावा. बरां आसा."

का हसले ते विचारायला हवं होतं. पण ज्याच्या चाकातून धूर येतोय त्याने फार प्रश्न विचारू नयेत, असं मला वाटलं. ब्रेक गार होईतो गरम कांदाभजी खाल्ली. भजी उत्तम होती. सतीशरावांनी इथली भजी खाल्लेली नाहीत, एवढी खात्री मी मधुराकडून करून घेतली.

कणकवलीवरून आचऱ्यात शिरलो तेव्हा दुपार कलत होती. किराणा बंद, न्हावी बंद, चहाची टपरी बंद. रस्त्यावर कुत्रं नाही, अंगणात कोंबडी नाही. "बघ," मी म्हटलं, "एवढी शांतता सतीशरावांनी बापजन्मात पाहिली नसेल." रघुकाकांच्या घरालाही कुलूप होतं. शेजारच्या घराला, त्याच्या शेजारच्यालाही. आता मात्र मला घाम फुटला. मी रघुकाकांना फोन लावला.

"अरे देवा! तुमी घराकडे काय करतास?" ते ओरडलेच. "गावपळण आसा! ह्याच सांगूक फोन केलंय तुमका, तुमी उचललात नाय. आधी हद्दीभायर येवा!"

मग कळलं. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खं गाव घरदार बंद करून वेशीबाहेर राहायला जातं. तीन दिवस. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळ्यांनी जायचं. हिंदू, मुसलमान, किरिस्तांव, कुणी मागे राहत नाही. आणि ज्या गावातून सगळे बाहेर पडले होते, त्या गावात आम्ही दोघं पाहुणे म्हणून घुसलो होतो.

शेजारच्या चिंदर गावाच्या बाजूला माळावर झावळ्यांच्या झोपड्यांचं नवं गाव वसलं होतं. इकडे चूल, तिकडे भजन, मधे बांधलेली म्हैस. रघुकाकांनी एका झोपडीतली चटई दाखवली. "ही तुमची खोली. एसी आसा." झावळ्यांतून वारा येत होता. काकींनी बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढली. खोलीचे पैसे काकांनी घेतलेच नाहीत. मी जेवता जेवता बघितलं, तर रघुकाकांचं लक्ष सारखं पलीकडच्या झोपडीकडे.

"ती आमच्या साडवाची खोप," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माणसां तीन आणि दारां दोन काढल्यान! कित्याक?"

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या झोपडीची मनसोक्त नालस्ती केली. तिचा आडवा वासा वाकडा होता. सावलीही आमच्यापेक्षा कमीच होती. मधुरा काकींबरोबर फुगडी घालून धापा टाकत आली आणि चटईवर बसली.

"एक सांगू? कोल्हापुरापासून गाडीत आपण तिघं होतो. तुम्ही, मी आणि सतीशराव. इथे आल्यापासून दोघंच आहोत. जरा बरं वाटतंय."

तिला सतीशरावांची खोली नको होती, समुद्रही नको होता. वर्षभर कौतुक तिने केलं असं मी धरून चाललो होतो, पण त्या खोलीचा विषय दर वेळी मीच काढायचो. दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच राहिलो. समुद्र पाहिलाच नाही. घाट चढताना मी सतीशरावांचं नाव काढलं नाही. दोनदा तोंडावर आलं होतं, गिळलं.

घरी आल्यावर मधुराने फोटो मंजूला, म्हणजे बहिणीला पाठवले. सतीशरावांचा लगेच फोन. "याचं बुकिंग कुठे करायचं?"

"बुकिंग नसतं," मी जमेल तितक्या थंडपणे म्हटलं. "देवाचा कौल लागतो."

सतीशरावांनी फोन ठेवला.

काल मंजूचा मेसेज आला. मधुराने मोठ्याने वाचला, "ताई, भाजी आणायला गाडीतून गेलो, तर गाडीत तिघं. मी, हे आणि भाऊजी. झोपडीशिवाय दुसरा विषय नाही. काहीतरी कर."

मी तिला तो पुन्हा वाचायला लावला.

"पुरे आता," मधुरा म्हणाली. "फोन करा आणि बोलवा त्यांना जेवायला. आपली काय फजिती झाली तेही सांगून टाका. धुरासकट."

"करतो की," मी म्हटलं, "उद्या. आजचा दिवस जळू दे त्यांना."