चुलींची जागा

मिरजेला लांबून लांबून पेशंट येतात. पेशंटला खाट मिळते, सोबतच्यांना रस्ता. धन्यकुमार आण्णांचा थोरला मुलगा इथल्या दवाखान्यात पडून होता, तेव्हा त्यांच्या बायकोनं गटाराच्या कडेला तीन दगड मांडून भात शिजवला होता. पोरगा काही वाचला नाही. पुढं धंद्यात बरकत आली, तशी आण्णांनी दवाखान्यामागची आपली जागा अशा सोबतच्या माणसांसाठी चारचौघांसमोर देऊन टाकली. चुली बांधल्या, वर पत्रा घातला, नळ आणला. "ही आता आपली न्हवं," असं घरात सगळ्यांना बजावलं. कागद तेवढा केला नाही.

त्रिशलाआक्का त्यांच्या धाकट्या मुलाची बायको. आण्णा गेले, तिचा नवराही गेला, तरी रोज सकाळी जाऊन त्या चुली सारवणं तिनं सोडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस गेली, तर जागेभोवती निळे पत्रे ठोकलेले. फाटकाला कुलूप. बाहेर पाटणकडची रहिमतबी पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. तिची सून आठवडाभर दवाखान्यात होती.

"आवं आक्का, समद्यांना भाईर काडलं. आमी आता जायाचं कुटं?"

"कुनी काडलं?"

फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "सम्मेदशेठनी."

सम्मेद म्हणजे आक्काचा एकुलता एक मुलगा.

आक्का तरातरा घरी आली. सम्मेद पोहे खात होता. उठलासुद्धा नाही.

"आई, उताऱ्यावर तुझं नि माझंच नाव हाय. आजोबा नुसतं तोंडानं बोलले. तिथं दुकानगाळे काढायचं ठरलंय. तुझी एक सही पायजे."

"आन् ती माणसं?"

"त्येंची सोय करायचा आपुन काय मक्ता घेतलाय?"

आक्काच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं त्याच्या पुढ्यातली बशी उचलून मोरीत आपटली. "दान दिलेलं माघारी घेऊन खानार व्हय रं? लाज कशी वाटत न्हाई तुला?"

सही तिनं दिली नाहीच, उलट वकील गाठला आणि पोटच्या पोरावर दावा लावला. बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, चार मोठी माणसं समजूत घालायला आली. आईनं असं करू नये, घरातलं घरात मिटवावं, म्हणाली. जागा दिली तेव्हा त्यांतले दोघं तिथं हजर होते. आक्कानं त्यांना एकच विचारलं, "कोर्टात येऊन सांगशिला का, आण्णा काय बोलले ते?" दोघांनीही चहा अर्धा ठेवला आणि चपला घातल्या.

कोर्टानं 'जैसे थे'चा हुकूम दिला. वकील खूश झाला. "आता त्याला वीटसुद्धा रचता येणार नाही, आक्का."

"म्हंजे कुलूप निघंल?"

"तसं नाही. निकाल लागेपर्यंत जे आहे ते तसंच राहणार."

"पत्रं तसंच? आन् माणसं गटारावर, तीबी तशीच?"

वकील फाईल चाळायला लागला. हे असलं जिंकणं काय चुलीत घालायचं, असं आक्काला झालं.

ती घरी आली ती रागानं फणफणतच. घर तिच्या नावावर होतं. "सम्मेद, अंगणातली तुझी गाडी भाईर काड," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, तशी तिनं गाडीला चिकटून चुलीच्या विटा मांडायला घेतल्या. गाडी निघाली. दुपारी तिथं रहिमतबीनं भाकरी थापल्या. दोन दिवसांनी शिराळ्याची माणसं आली, मग आणखी कुठली. धुराला कंटाळून सम्मेद बायको घेऊन सांगलीच्या फ्लॅटवर राहायला गेला. आक्कानं त्याला थांबवलं नाही.

क्षमावाणीच्या, एकमेकांची माफी मागायच्या दिवशी तो आला. पांढरे कपडे घातलेले, हात जोडलेले. "आई, उत्तम क्षमा," म्हणत पायाशी वाकला.

आक्कानं पाय मागं घेतले.

"जागा आमची न्हवं, असं कोर्टात लिहून देतोस?"

"आई, आज असं बोलू नगंस. आज सगळ्यांना माफ करायचं असतंय."

"मग हितं मावंनात म्हनून अजून गटाराकडंला बसल्यात त्येंची माफी माग जा. माझी कशाला मागतोस?"

तो आल्या पावली निघून गेला. शेजारणी अजून म्हणतात, आक्कानं तेवढ्या दिवशी तरी मन मोठं करायला हवं होतं. आक्का त्यांच्याशीही आता बोलत नाही. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे.